वय कोणाचं ओळखणार, मुलाचं की मोबाईलचं?

१३ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेत यूट्यूबने एक नवी व्यवस्था सुरू केली. खातं उघडताना तुम्ही कोणती जन्मतारीख टाकली होती, याच्यावर कंपनी आता विसंबणार नाही. तुम्ही काय शोधता, कोणत्या प्रकारचे व्हिडिओ बघता, खातं किती वर्षांचं आहे, अशा खुणांवरून कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय, अंदाज बांधणार की बघणारा अठराच्या आतला आहे की पुढचा. आतला वाटला तर त्याच्या खात्यावर आपोआप बंधनं लागणार. सुरुवात थोड्या वापरकर्त्यांपासून झाली. इतर काही देशांत ही पद्धत आधीपासून वापरतो आणि ती ठीक चालते, असंही कंपनीने तेव्हा सांगितलं.

आमच्या शिक्षक-खोलीत या बातमीचं स्वागतच झालं. "चला, जे आपल्याला जमलं नाही ते मशीन करेल," असं एक सहकारी म्हणाले आणि चहाचा कप ठेवून तासाला निघून गेले. खरं सांगायचं तर आम्हालाही बरं वाटलं होतं. रात्री दीड-दोनपर्यंत जागून आलेली, पहिल्याच तासाला डोळे चोळणारी मुलं आमच्यासमोर रोज बसतात. त्यांच्याशी आणि त्यांच्या पालकांशी वाद घालून आम्ही थकलोय.

दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात आम्ही सहज विचारलं, यूट्यूब रोज कोण कोण बघतं? जवळजवळ सगळे हात वर. मग विचारलं, स्वतःच्या खात्यावर कोण बघतं? चार-पाच हात. बाकीच्यांचं काय? कोणी अब्बांच्या खात्यावर, कोणी अम्मीच्या, कोणी मोठ्या भावाच्या. एक मुलगा म्हणाला, मामूंच्या खात्यावर. मामू तीन वर्षांपासून दुबईला आहेत. जाताना जुना फोन घरी ठेवून गेले, खातं तसंच चालू राहिलं. आता त्या खात्यावर सकाळी नानी बयान ऐकते, दुपारी खाला बिर्याणीच्या रेसिपी बघते, संध्याकाळी हा पोरगा क्रिकेट आणि गेमिंग बघतो, आणि रात्री सगळे झोपल्यावर काय बघतो ते त्यालाच ठाऊक.

आता अमेरिकेतलं ते मशीन या खात्यासमोर बसवा. त्याने काय ओळखायचं? खातं दहा वर्षं जुनं, म्हणजे माणूस मोठा. बयान, रेसिपी, दुबईतल्या नोकऱ्यांच्या जाहिराती, म्हणजे माणूस नक्कीच मोठा. मशीन निर्धास्तपणे सांगणार, हे खातं प्रौढाचं आहे. आणि ते चूकही नाही, खातं प्रौढाचंच आहे. फक्त रात्री बारा वाजता ते तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात असतं.

या सगळ्या चर्चेत आपल्या घरांसाठी कळीचा मुद्दा हाच आहे आणि बातम्यांत तो कुठे दिसत नाही. ही यंत्रं मुलाचं वय ओळखत नाहीत, खात्याचं वय ओळखतात. एक माणूस, एक फोन, एक खातं, असं जिथे आहे तिथे हा फरक फारसा जाणवत नाही. आपल्याकडे तसं नाही. असरच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलामुलींना विचारलं गेलं. स्मार्टफोन वापरता येणारे ८२ टक्क्यांहून जास्त निघाले. त्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरला असं ५७ टक्क्यांनी सांगितलं, सोशल मीडियासाठी वापरला असं ७६ टक्क्यांनी. पण ज्यांना वापरता येतो त्यांच्यापैकी स्वतःचा फोन असलेले होते फक्त ३१ टक्क्यांच्या आसपास. मुलांमध्ये ३६ टक्के, मुलींमध्ये जेमतेम २७. म्हणजे दहातली सात मुलं दुसऱ्याच्या फोनवर आहेत, आणि मुली तर त्याहून जास्त.

भरारी पथकाची गोष्ट

"एआय ओळखतो" म्हटलं की लोकांना वाटतं, फोनचा कॅमेरा गुपचूप आपला चेहरा बघत असणार. मीटिंगला आलेल्या एका अम्मीने तर कॅमेऱ्यावर बँडेजची पट्टी चिकटवली होती. यूट्यूबच्या या पद्धतीत तसं काही नाही. अशा यंत्रांना शिकवण्याची रीत साधारण अशी असते. ज्यांचं वय पक्कं माहीत आहे अशा असंख्य वापरकर्त्यांच्या सवयी संगणकाला दाखवतात. चौदाची मुलं काय बघतात, चाळिशीतली माणसं काय बघतात, याचे नमुने तो शोधतो. मग नवीन खातं समोर आलं की म्हणतो, हे अमुक इतक्या शक्यतेने अठराच्या आतलं आहे. आम्ही बदली शिक्षक म्हणून एखाद्या वर्गावर गेलो तर टेबलावरच्या वह्या चाळून ओळखतो की हा सातवीचा वर्ग दिसतोय. तसलाच हा प्रकार आहे. बहुतेक वेळा बरोबर, कधी कधी साफ चूक.

चुका दोन तऱ्हेच्या असतात. दहावीच्या परीक्षेला भरारी पथक येतं ते आठवा. पथक फार कडक असेल तर कॉपी न करणाऱ्या मुलांचेही खिसे तपासले जातात, बिचारी रडकुंडीला येतात. पथक ढिलं असेल तर चिठ्ठ्यावाले मजेत सुटतात. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणणारं पथक आम्ही वीस वर्षांत पाहिलं नाही. इथेही तेच. रेषा कडक आखली तर मोठी माणसं मुलांत मोजली जाणार, सैल आखली तर मुलं मोठ्यांत. समजा, शंभरातले पंचाण्णव अंदाज बरोबर आले. ऐकायला किती छान. पण दहा लाख खात्यांवर हीच पद्धत चालवली की पन्नास हजार चुका होतात, आणि प्रत्येक चुकीमागे एक माणूस असतो.

आता मशीनने ओळखलं की हे खातं मुलाचं आहे, तर होतं काय? आवडीनिवडी बघून दाखवल्या जाणाऱ्या जाहिराती बंद होतात. थोड्या वेळाने "जरा थांबा" आणि रात्री "झोपायची वेळ झाली" अशा सूचना सुरू होतात. अठरा वर्षांवरील लोकांसाठीचे व्हिडिओ उघडत नाहीत. आणि काही ठराविक प्रकारचे व्हिडिओ एकामागून एक दाखवणं कमी केलं जातं. यातली ही शेवटची गोष्ट लोक फारशी वाचत नाहीत, पण आमच्या मते सगळ्यात मोलाची तीच आहे.

कोणते व्हिडिओ? जे शरीराच्या ठेवणीची तुलना करून अमकी ठेवण चांगली आणि तमकी वाईट ठरवतात. जे ठराविक वजन, ठराविक फिटनेस म्हणजेच सगळं काही असं सांगतात. आणि जे दमदाटी, धाकदपटशा दाखवतात. हा नियम यूट्यूबने अमेरिकेत २०२३ मध्ये आणला. त्यामागचा विचार असा की असा एखादा व्हिडिओ बघून काही बिघडत नाही, पण कोवळ्या वयात तोच तोच सूर दिवसरात्र कानावर पडला की मुलं स्वतःकडे वाकड्या नजरेने बघायला लागतात.

हे आम्हाला पुस्तकातून कळलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मुलगी होती, हुशार, निबंधात पहिली. रमजानमध्ये तिने सगळे रोजे ठेवले. घरचे खूश, आम्हीही कौतुक केलं. ईद झाली, शव्वालचे सहा रोजेही झाले. मग उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि जूनमध्ये शाळा उघडली. मधल्या सुट्टीत तिचा डबा उघडलाच जात नाही हे आमच्या लक्षात यायला जुलै उजाडला. विचारलं तर म्हणायची, नफिल रोजा आहे. एक दिवस, दोन दिवस, मग रोजच. रोजा म्हटल्यावर कोण काय बोलणार? शेवटी एका सकाळी प्रार्थनेच्या रांगेत ती चक्कर येऊन पडली. तिच्या अम्मीला बोलावलं. अम्मीच्या फोनवर यूट्यूब उघडलं तर ओळीने सगळं वजन घटवण्याचं. सात दिवसांत कंबर बारीक, चेहऱ्यावरची चरबी, "माझा दिवसभराचा आहार" म्हणून दोन काकड्या आणि एक अंडं. अम्मी म्हणाली, "मॅडम, मला वाटलं माझ्याच फोनला काहीतरी झालंय, मला जाडी म्हणतोय." ती हसत हसत म्हणाली, पण डोळ्यांत पाणी होतं.

मुलगी आता बरी आहे, डॉक्टरांकडे जावं लागलं, वेळ लागला. पण विचार करा. यूट्यूबने जो नियम अगदी अशाच मुलींसाठी केला, तो तिला लागूच झाला नसता. खातं अम्मीचं, वय अडतीस. मशीनच्या हिशेबात एका अडतीस वर्षांच्या बाईला वजन कमी करायचं होतं, आणि ते तिला मनापासून मदत करत होतं.

सिद्ध करा

उलट चुकीचं काय? एखाद्या आईने नवा फोन घेतला, नवं खातं उघडलं आणि दिवसभर त्यावर लेकराला कार्टून आणि बडबडगीतं लावून दिली. मशीन तिला मूल समजू शकतं. अशा वेळी अमेरिकेत यूट्यूबने तीन वाटा ठेवल्यात. क्रेडिट कार्ड दाखवा, सरकारी ओळखपत्र दाखवा, किंवा सेल्फी द्या.

आपल्या मोहल्ल्यात दारोदार जाऊन विचारा, किती बायकांच्या नावावर क्रेडिट कार्ड आहे. पहिली वाट तिथेच बंद. राहिलं ओळखपत्र आणि सेल्फी. पडदा पाळणारी बाई एका परदेशी कंपनीला चेहऱ्याचा फोटो पाठवायला सहज तयार होणार नाही. याला कोणी मागासलेपण म्हणेल. आम्ही म्हणणार नाही, कारण त्या भीतीला इतिहास आहे आणि तो फार जुना नाही. जुलै २०२१ मध्ये "सुल्ली डील्स" आणि १ जानेवारी २०२२ ला "बुल्ली बाई" या नावाने ॲप आली. शिकलेल्या, बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या मुस्लिम बायकांचे सोशल मीडियावरचे फोटो उचलून त्यांचा खोटा लिलाव मांडला गेला. त्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी अटकाही केल्या. पण त्या जानेवारीत आमच्या ओळखीतल्या कितीतरी मुलींनी व्हॉट्सअ‍ॅपवरचा स्वतःचा फोटो काढून गुलाबाचं फूल लावलं. ते फूल अजून तिथेच आहे. त्यांना आता म्हणायचं, वय सिद्ध करायला सेल्फी दे?

ओळखपत्राची गोष्टही अशीच. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या मंचाने जाहीर केलं की त्यांचं ग्राहकसेवेचं काम करणाऱ्या एका बाहेरच्या कंपनीकडून माहिती फुटली. सुमारे ७० हजार लोकांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो त्यात उघडे पडले असण्याची शक्यता होती. ती ओळखपत्रं आली कुठून होती? "तुम्ही माझं वय चुकीचं ठरवलंत" अशी तक्रार करणाऱ्या लोकांनीच ती पाठवली होती. चूक यंत्रणेची, आणि ती दुरुस्त करायला गेलेल्याचं कागदपत्र चोराच्या हाती.

चेहऱ्यावरून वय ओळखण्याचं तंत्र किती पक्कं आहे, हेही तपासलं गेलंय. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेने मे २०२४ मध्ये सहा सॉफ्टवेअरची चाचणी जाहीर केली. दहा वर्षांत प्रगती झाली हे खरं. एकाच प्रकारच्या व्हिसा-फोटोंवर सरासरी चूक ४.३ वर्षांवरून ३.१ वर्षांवर आली. पण बायकांच्या चेहऱ्यांबाबत चूक जवळपास नेहमीच पुरुषांपेक्षा जास्त निघाली, आणि माणूस कोणत्या प्रदेशात जन्मला यावरही अचूकता बदलली. तीन वर्षांची चूक पन्नाशीत कोणाला जाणवणार? पंधरा आणि अठरामध्ये मात्र सगळा खेळच तीन वर्षांचा आहे.

आणि मुलं काय करतात? ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५ पासून ऑनलाइन सुरक्षा कायद्याखाली वय-तपासणी सक्तीची झाली. काही दिवसांतच देश बदलून दाखवणाऱ्या व्हीपीएन ॲपची मागणी भडकली, आणि व्हिडिओ गेममधल्या पात्राचा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरून तपासणी पार केल्याच्या बातम्या आल्या. हे वाचून आमच्या वर्गातल्या पोरांनी बाकं वाजवली. आम्ही रागावलो, पण मनात म्हटलं, डोकं तर चालतंय.

कंपन्या हे सगळं खैरात म्हणून करत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. २०१९ मध्ये मुलांची माहिती पालकांच्या परवानगीशिवाय गोळा केल्याच्या आरोपावरून गुगल आणि यूट्यूबला अमेरिकेत १७ कोटी डॉलर भरावे लागले. आपल्याकडे जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं, आणि त्याच सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची पहिली चाचणी भारतातच सुरू केली. बोट वर सरकवत राहायची ती सवय आपल्या मुलांना कुठल्या अपघाताने लागलेली नाही, ती आपल्याच अंगणात तयार झाली. दंड आणि कायदे अंगावर यायला लागले, तेव्हा मुलांच्या काळजीचे निवेदन निघायला लागले. काळजी खरी असेलही. आम्ही फक्त क्रम सांगतोय.

ऑस्ट्रेलियाची वाट की आपली?

ऑस्ट्रेलियाने अंदाजाच्या भानगडीत न पडता थेट बंदी घातली. १० डिसेंबर २०२५ पासून तिथे सोळा वर्षांच्या आतल्या मुलांना ठराविक सोशल मीडियावर खातंच ठेवता येत नाही. पालक किंवा मुलाला शिक्षा नाही. कंपनीने पुरेशी पावलं उचलली नाहीत तर तिला ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड. यूट्यूबला आधी सूट होती, शाळेत शिकवायला वापरतात म्हणून. जुलै २०२५ मध्ये ती सूट काढली. पण एक फट उरलीच. खात्यात न शिरता यूट्यूब बघायला तिथे मनाई नाही. कंपनीचं म्हणणं असं की, खातंच नसेल तर पालकांनी लावलेली बंधनंही जातात. कंपनीचा स्वार्थ त्यात आहे, पण मुद्दा अगदी खोटा नाही. आपल्या मुलांचा प्रश्न तरी वेगळा काय आहे? त्यांचंही स्वतःचं खातं नाही, म्हणून त्यांच्यासाठी केलेली बंधनंही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

ऑस्ट्रेलियाचं वारं इकडेही आलंय. डिसेंबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने केंद्राला अशा कायद्याचा विचार करायला सुचवलं. जानेवारी २०२६ मध्ये गोव्याचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी सोळाच्या आतल्या मुलांसाठी तशा बंदीचा अभ्यास चालू असल्याचं सांगितलं. पण आपल्या घरांवर आधी परिणाम होणार आहे तो आपल्याच कायद्याचा, जो संसदेने २०२३ मध्येच मंजूर केला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिने दिलेत, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यापर्यंत.

या कायद्यात मूल म्हणजे अठराच्या आतलं. तेरा नाही, सोळा नाही, अठरा. मुलाची माहिती वापरायची तर पालकांची खात्रीलायक संमती हवी. मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. मोडलं तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. कागदावर हा जगातल्या कडक कायद्यांपैकी एक आहे.

पण यात एक गाठ आहे. मुलावर पाळत ठेवू नका असं सांगायचं, तर समोर मूल आहे हे आधी कळायला हवं. ते कळायला सगळ्यांच्याच सवयी तपासायला लागतात, म्हणजे पाळत आलीच. नियमांनी ही गाठ सोडवली ती सवलत देऊन. समोरचा वापरकर्ता मूल नाही ना, याची खात्री करण्यापुरतं आणि मुलांना घातक मजकुरापासून दूर ठेवण्यापुरतं, पाळतीच्या मनाईतून कंपन्यांना सूट आहे. ही सूट लागेल हे आम्हाला पटतं. पण ते "पुरतं" कोण मोजणार, यावर सगळं अवलंबून आहे. एकदा सवयी तपासायचं दार उघडलं की त्यातून फक्त वयच बाहेर येईल असं नाही. कोण कोणत्या आलिमचं बयान ऐकतं, कोणत्या आजाराचे व्हिडिओ बघतं, हेही त्याच ढिगात असतं.

संमतीच्या वाटेबद्दल एक चांगली गोष्ट नियमांत आहे. पालकाने आपलं ओळखपत्र कंपनीला द्यायलाच हवं असं नाही. डिजिलॉकरसारख्या सेवेकडून मिळालेलं टोकन चालू शकतं. म्हणजे कंपनीला आधार क्रमांक किंवा फोटो न देता, "हा माणूस प्रौढ आहे" एवढंच पोहोचवता येऊ शकतं. आम्हाला वाटतं, मशीनचा अंदाज चुकल्यावर दाद मागायलाही हीच वाट हवी, सेल्फीची नव्हे. आणि आणखी एक. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी असं कायदा सांगतो. मराठी आणि उर्दू दोन्ही त्या यादीत आहेत. खाली "मान्य आहे" दाबण्याआधी आपल्या भाषेत मागून घ्या. तो आपला हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही.

एका फोनवर पाच माणसं असतात, ही गोष्ट मात्र ना कंपन्यांच्या निवेदनात दिसते ना आपल्या नियमांत. पालक संमती देतील, पण स्वतःच्याच खात्यावर बसलेल्या मुलासाठी त्यांना संमती विचारणार कोण?

शनिवारची मीटिंग

म्हणून आम्ही गेल्या महिन्यात पालकांची एक मीटिंग घेतली. शनिवारी, शाळा सुटल्यावर. अम्मी जास्त आल्या, अब्बा थोडे. सुरुवातीला नेहमीचाच सूर. एक बुजुर्ग म्हणाले, फोन ही सगळ्या फितन्याची मुळी, फेकून द्या. त्यांचा मान राखून आम्ही विचारलं, मग शाळेचा ग्रुप, स्कॉलरशिपचा फॉर्म, मुलींचा ऑनलाइन कुरआनचा क्लास कशावर? ते हसले आणि म्हणाले, "फिर ऐसा करो, रात को फेंको, सुबह उठा लो." गंमतीत बोलले, पण तसं पाहिलं तर रात्री फोन मोठ्यांच्या खोलीत ठेवणं, याहून चांगला उपाय कोणत्याही कंपनीकडे नाही.

आम्ही एकच काम हाती घेतलं. मुलांची खाती वेगळी करायची, आणि जन्मतारीख खरी टाकायची. लोकांना वाटतं हे सगळं एआय आल्यावर होणार. तसं नाही. १३ ते १७ वय खरं लिहिलं असेल तर मधून थांबायची आणि झोपेच्या वेळेची सूचना, आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू न होणं, मुलाने टाकलेला व्हिडिओ आधी खासगी राहणं, हे सगळं यूट्यूबने २०२१ मध्येच सुरू केलंय. तेराच्या आतल्यांसाठी फॅमिली लिंकने पालकांच्या देखरेखीखाली खातं उघडता येतं, अगदी लहानांसाठी यूट्यूब किड्स आहे. फोन एकच असला तरी त्यावर दोन खाती ठेवता येतात. मुलाच्या हाती देताना खातं बदलायचं, एवढीच सवय. मुलं परत अब्बांच्या खात्यावर उडी मारतील, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून यूट्यूबला वेगळं कुलूप लावायचं कसं, तेही दाखवलं.

फोन तपासताना एक मजेची गोष्ट दिसली. आमच्या पिढीतले कितीतरी लोक कागदोपत्री १ जूनला जन्मले, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहून टाकली. या मुलांच्या खात्यांवर बघावं तर सगळी १ जानेवारीला जन्मलेली. तारखेचं चाक फिरवायचा कंटाळा, म्हणून दिवस-महिना तसाच ठेवायचा आणि फक्त वर्ष भरपूर मागे न्यायचं. आमच्या सातवीतला एक विद्यार्थी गुगलच्या हिशेबाने एकेचाळीस वर्षांचा निघाला, म्हणजे त्याच्या अब्बांहून तीन वर्षांनी मोठा.

मामूंच्या खात्यावरचा तो मुलगाही नानीला घेऊन आला होता. नानीने विचारलं, "ते मशीन आलं तर मला लहान पोरगी समजेल का गं?" आम्ही म्हटलं, तुमच्या फोनवर नातू किती गेम बघतो त्यावर आहे. सगळ्या हसल्या. मग त्याला शेजारी बसवून त्याचं स्वतःचं खातं उघडायला घेतलं. नाव टाकलं, आडनाव टाकलं. जन्मतारखेच्या चौकटीपाशी त्याचं बोट थांबलं. त्याने आधी नानीकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"मॅडम, खरं वर्ष टाकू, की नेहमीचं?"